नाशिकमध्ये व्हीलचेअर टेनिस रुजवायचं तर

एक हार्ड कोर्ट, चार स्पोर्ट्स चेअर, आठवड्याचे तीन ठरलेले दिवस आणि कोर्टापासून चाकांवर पोचता येईल असं स्वच्छतागृह. व्हीलचेअर टेनिस सुरू करायला एवढं लागतं, आणि तयारी मात्र उलट्या क्रमाने करायची: आधी स्वच्छतागृह, मग दिवस, मग खुर्च्या. कोर्टं शहरात आहेतच.

बहुतेक ठिकाणी गाडी उलटी चालते. ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, प्रदर्शनीय सामना होतो, सत्कार होतात, खुर्च्या गोदामात जातात आणि पुढच्या डिसेंबरात बाहेर काढल्या की टायर बसलेले असतात. खेळाडू घडतो तो मंगळवार, गुरुवार, शनिवारच्या सरावात. पुढचं सगळं या तीन दिवसांभोवती लिहिलं आहे: क्लब चालवणाऱ्यांसाठी, प्रशिक्षकांसाठी, घरच्यांसाठी आणि मदत करू पाहणाऱ्या कंपन्यांसाठी.

नियमांत वेगळं काय

हा खेळ १९७६ मध्ये अमेरिकेत ब्रॅड पार्क्स यांनी सुरू केला. १९९२ च्या बार्सिलोना पॅरालिम्पिकपासून तो पदकाचा खेळ आहे. कोर्ट, नेट, रॅकेट, चेंडू सगळं नेहमीचंच. फरक मोजके आहेत, पण ते नेमके माहीत हवेत.

चेंडूचे दोन टप्पे चालतात. पहिला टप्पा कोर्टात पडला पाहिजे, दुसरा बाहेर पडला तरी हरकत नाही. खुर्ची हा शरीराचा भाग मानतात, म्हणजे चेंडू चाकाला लागला तर गुण गेला. सर्व्ह करण्याआधी खुर्ची स्थिर हवी. त्यानंतर चेंडू मारण्यापूर्वी एकदाच चाक ढकलता येतं आणि तोवर कोणतंही चाक बेसलाइनला (कोर्टच्या मागच्या रेषेला) लागता कामा नये. फटका मारताना एक तरी नितंब सीटला टेकलेला असावा लागतो. पाय जमिनीवर घासून थांबणं किंवा वळणं चालत नाही, त्यानेही गुण जातो. ज्यांचे पाय थोडेफार हलतात त्यांच्याकडून हे नकळत होतं. म्हणून पहिल्या दिवसापासून पायांना पट्टा बांधायची सवय लावा.

प्रकार दोन: ओपन आणि क्वाड. ओपनमध्ये पुरुष आणि महिला वेगळे खेळतात. ज्यांच्या हातांतही लक्षणीय कमजोरी आहे त्यांच्यासाठी क्वाड. पकड कमी असेल तर तिथे रॅकेट टेपने हाताला बांधता येते, विजेवर चालणारी खुर्चीही वापरता येते. स्त्री-पुरुष एकाच गटात खेळू शकतात. २००४ च्या अथेन्सपासून क्वाड पॅरालिम्पिकमध्ये आहे.

व्हीलचेअर खेळाडू उभ्याने खेळणाऱ्यांशीही खेळू शकतो: त्याला दोन टप्पे, समोरच्याला एक. मोठी स्पर्धा भरवण्याआधी सरावासाठी जोडीदार कुठून आणायचे, या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. क्लबमधली चौदा-पंधरा वर्षांची मुलं-मुली घ्या. 'एक उभा, एक खुर्चीत' अशा जोड्या लावून दुहेरी खेळवा. दोघांनाही फायदा होतो. उभ्या मुलाला खोल आणि अचूक चेंडू टाकायची शिस्त लागते, कारण आखूड चेंडू खुर्चीवाला दोन टप्प्यांत आरामात गाठतो.

खेळाडू कुठे शोधायचे

सगळ्यात मोठा गैरसमज असा की रोज व्हीलचेअरवर असणाऱ्यांनाच हा खेळ खेळता येतो. पाय कापावा लागलेले, पोलिओ झालेले, कुबड्या किंवा कृत्रिम पाय लावून चालणारेही पात्र ठरू शकतात. पायातलं अपंगत्व कायमचं आणि तपासून सिद्ध होणारं असावं लागतं. नुसत्या दुखण्यावर आंतरराष्ट्रीय पात्रता मिळत नाही. स्थानिक सरावाला ही चाळणी लावू नका, सगळ्यांना खेळू द्या. मात्र जो खेळाडू पुढे जायचं म्हणतो त्याचे वैद्यकीय कागद लवकर तपासून घ्या. चार वर्षं घाम गाळून मग अपात्र ठरणं फार वाईट.

भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला. दिव्यांग खेळांत पोलिओ झालेल्या खेळाडूंची मोठी पिढी होती, ती आता वयाने मोठी झाली. नवे खेळाडू रस्ते अपघात, बांधकामावरून किंवा झाडावरून पडणं, मधुमेहामुळे पाय गमावणं, सेरेब्रल पाल्सी, स्पायना बायफिडा या वाटांनी येणार. म्हणून शोधही तिकडेच घ्यायचा: जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीचा दिवस, फिजिओथेरपी विभाग, कृत्रिम अवयव बसवणारी केंद्रं, जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग, दिव्यांगांच्या शाळा. नाशिकरोड-देवळालीचा तोफखान्याशी जुना संबंध आहे. जखमी किंवा निवृत्त जवानांपर्यंत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पोचता येतं. पुण्यात खडकीला जवानांचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, तिथून शिकण्यासारखं बरंच आहे.

अपघातानंतर पहिलं वर्ष माणूस घराबाहेर पडायला तयार नसतो. त्याला 'खेळायला या' म्हणू नका, 'बघायला या' म्हणा. आणि सोबत ज्या भावाने किंवा बायकोने यायचं आहे त्यांच्याशीही बोला, कारण ने-आण त्यांच्याच गळ्यात असते.

कोर्टापर्यंतची वाट

फाटक मोजा. टेनिसच्या खुर्चीची चाकं खालून बाहेर फाकलेली असतात, याला कॅम्बर म्हणतात. २६ इंची चाकाचा बाहेरचा व्यास साधारण ६४ सेंमी. ते १८ अंशांनी कलवलं की जमिनीकडचं टोक वरच्या टोकापेक्षा जवळपास २० सेंमी बाहेर जातं. दोन्ही बाजूंचे मिळून ४० सेंमी, त्यात सीटची रुंदी ३८ ते ४० सेंमी, वर टायर आणि रिमची जाडी. खुर्ची ८५ ते ९० सेंमीवर जाते. कोर्टाच्या जाळीला ७५ सेंमीचं फाटक असेल तर ती आत शिरणारच नाही, दर वेळी चाकं काढून फ्रेम उचलून न्यावी लागेल. मोकळी जागा किमान १ मीटर हवी. बहुतेक ठिकाणी बिजागरी सरकवून किंवा दुसरी झडप लावून काम भागतं, वेल्डरचं एका दिवसाचं काम आहे.

रॅम्पचा उतार १ ला १२: पायरी ३० सेंमी उंच असेल तर रॅम्प ३.६ मीटर लांब, रुंदी १.२ मीटर. जागा कमी म्हणून दीड मीटरात उतरवलेला रॅम्प खुर्ची मागे उलटवतो. रॅम्प संपतो तिथे पाणी जाण्याची चर किंवा लोखंडी जाळी असेल तर तिच्या फटी बघा, पुढची लहान चाकं त्यात अडकून माणूस तोंडावर पडतो.

स्वच्छतागृहाचं दार ९० सेंमी, बाहेर उघडणारं किंवा सरकणारं. आत १.५ मीटरचं वर्तुळ मोकळं, कमोडच्या शेजारी भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा. कॅथेटर (लघवीची नळी) वापरणाऱ्यांना बसल्या जागी हात पोचेल असं बेसिन आणि झाकणाची कचरापेटी लागते. हे नसेल तर खेळाडू सरावाच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाही. मग उन्हात चक्कर, मूत्रमार्गाचा संसर्ग, आणि एक दिवस तो येणं बंद करतो. महिला खेळाडू सगळ्यात आधी गळतात त्या याच कारणाने. एक तास फक्त महिलांसाठी ठेवा, पट्टे बांधायला आणि खुर्ची बदलायला महिला मदतनीस ठेवा, मग किती जणी टिकतात ते बघा.

पृष्ठभाग ॲक्रिलिक हार्ड कोर्टचा असावा. मातीच्या कोर्टवर चाक रुततं, नवख्याचा सगळा जोर नुसतं हलण्यात जातो. खुर्चीने कोर्ट खराब होईल अशी भीती क्लबच्या कमिटीला हमखास वाटते. हवेच्या टायरने काही होत नाही. ओरखडे पडतात ते सैल झालेल्या फूटरेस्टने, नाहीतर टायरला चिकटून आलेल्या खडीने. फाटकापाशी ओली गोणपाटाची पट्टी टाका आणि खेळण्याआधी फूटरेस्टची उंची बघा. कमिटीला हे लेखी कळवा, पुढची कटकट वाचते.

नाशिकच्या हवेचा हिशेबही धरा. मार्च ते मे सकाळी ९ च्या आत सराव संपवा. थंडीत भल्या सकाळी दवाने रिम (चाकाबाहेरचं हाताने ढकलायचं कडं) ओली असते, हात सटकतो, म्हणून अर्धा तास उशिरा सुरू करा. जून ते सप्टेंबर कोर्ट बेभरवशाचं. पंचवटीत हिरावाडीला विभागीय क्रीडा संकुल आहे, तिथल्यासारखा बंदिस्त हॉल आठवड्यातून एक-दोनदा मिळाला तरी खुर्ची फिरवण्याचा सराव आणि फोमच्या चेंडूंवर रॅली होते. टायर पुसूनच आत जा. उरलेला वेळ ताकदीचे व्यायाम आणि खुर्च्यांची दुरुस्ती.

खुर्ची: मापं, जोडणी, बिघाड

रुग्णालयाच्या घडीच्या खुर्चीवर टेनिस शिकवू नका. ती जड असते, वळत नाही आणि बाजूला झुकलं की उलटते. टेनिसच्या खुर्चीला घडी नसते, ब्रेक नसतात, चाकं १६ ते २० अंश फाकलेली असतात आणि पाठीमागे उलटू नये म्हणून एक लहान अँटी-टिप चाक असतं.

सुरुवातीला चार खुर्च्या सामायिक घ्या: सीटची रुंदी ३६ सेंमीची एक, ३८ च्या दोन, ४२ ची एक. नेमकी मापं तुमच्या खेळाडूंना बसवून ठरवा. नितंबाची रुंदी मोजा आणि सीट तेवढीच घ्या. दोन्ही बाजूंना हात घालण्याइतकी जागा राहिली तर खुर्ची वळते आणि माणूस मागे राहतो. सीटची कड आणि गुडघ्याची खोबण यात दोन-तीन बोटांचं अंतर हवं. हात रिमच्या सर्वांत वरच्या बिंदूवर ठेवल्यावर कोपर १०० ते १२० अंशांत वाकलेलं असावं. हात सरळ होत असेल तर सीट फार उंच आहे, खांदा लवकर दुखेल.

ॲक्सल पुढे घेतला की खुर्ची चटकन वळते पण मागे कलते. नवख्यासाठी तो थोडा मागे ठेवा, अँटी-टिप जमिनीपासून १ ते २ सेंमी वर. महिन्याभराने तोल आला की ॲक्सल सेंटीमीटर-सेंटीमीटरने पुढे आणा. पट्टे तीन: कंबर, मांडी, पाऊल. कंबरेचा पट्टा खुर्ची आणि माणूस एक करतो. मात्र बकल हाडावर येता कामा नये, संवेदना नसलेल्या त्वचेवर तासाभरात व्रण पडतो.

खुर्ची एका बाजूला ओढते किंवा ढकलली की लगेच मंदावते, ही तक्रार रोजची. पहिल्यांदा हवा बघा. टायरच्या बाजूला दाब छापलेला असतो, अरुंद टायरांना १०० पीएसआयच्या पुढेही लागतो आणि सायकलच्या साध्या पंपाने तेवढा भरत नाही. हवा ठीक असेल तर दोन्ही चाकांची समांतरता तपासा. ॲक्सलच्या उंचीवर, चाकांच्या पुढच्या टोकांमधलं आणि मागच्या टोकांमधलं अंतर टेपने मोजा. दोन्ही सारखी हवीत, फरक ३ मिमीपेक्षा जास्त असेल तर चाकं जमिनीवर घासत चालली आहेत. हे बहुधा कुणीतरी पुढच्या कॅस्टरची (लहान चाकाची) किंवा सीटची उंची बदलल्यावर होतं, कारण त्याने कॅम्बरची आडवी नळी किंचित फिरते. नळीचे क्लॅम्प सैल करा, नळी फिरवून दोन्ही अंतरं जुळवा, पुन्हा आवळा. पाच मिनिटांचं काम आहे, पण माहीत नसल्याने माणसं महिनोन्‌महिने तशीच खुर्ची ढकलत राहतात.

टायर घेताना इंचांवर जाऊ नका. व्हीलचेअरचं २४ इंची चाक म्हणजे ५४० मिमी रिम, २५ इंची म्हणजे ५५९ आणि २६ इंची म्हणजे ५९०. हा तीन अंकी आकडा टायरवर छापलेला असतो. सायकलच्या दुकानात '२६' म्हणून मिळणारा माउंटन बाइकचा टायर ५५९ चा असतो, तो व्हीलचेअरच्या २६ इंची रिमवर चढणार नाही, २५ इंचीवर चढेल. पुढच्या कॅस्टरला बहुतेकदा ६०८ नंबरचं बेअरिंग असतं (आतून ८, बाहेरून २२, जाडी ७ मिमी). ते बेअरिंगच्या कोणत्याही दुकानात मिळतं. डझनभर आणून ठेवा, पावसाळ्यानंतर सगळी बदला.

सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत पाइप वाकवणारे, टिग वेल्डिंग करणारे, सीएनसीवर सुटे भाग काढणारे हात आहेत. अँटी-टिपचा दांडा, फूटरेस्ट, पट्ट्यांची हुकं, खुर्च्या नेण्याचा रॅक हे सगळं इथे उत्तम होईल. अख्खी फ्रेम मात्र अनुभवी उत्पादकाकडूनच घ्या. ६०६१ ॲल्युमिनियमच्या नळीला वेल्डिंगची आच लागली की सांध्याशेजारचा धातू मऊ पडतो. त्यावर पुन्हा उष्णता प्रक्रिया केली नाही तर तडा तिथेच जातो, बहुतेकदा अँटी-टिपच्या जोडाशी किंवा फूटरेस्टपाशी. दर महिन्याला या दोन जागा पुसून, टॉर्च धरून बघा. रंगावर केसाएवढी रेघ दिसली तर ती खुर्ची त्या दिवसापासून बाजूला.

कोर्टावरची पेटी अशी: ४, ५ आणि ६ मिमीच्या ॲलन की, दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, मीटरचा उच्च दाबाचा पंप, स्पोक की, एक जादा कॅस्टर, वेल्क्रो पट्टे, केबल टाय, ग्रीस, मोजपट्टी.

पहिले आठ आठवडे

पहिला आठवडा रॅकेट हातात देऊ नका. १० मीटर सरळ ढकलून थांबणे, डावीकडे-उजवीकडे वळणे, शंकूंमधून आठचा आकडा काढणे. तळवा रिमवर घड्याळाच्या अकराच्या जागी ठेवून दोनच्या जागेपर्यंत लांब ढकल, छोटे छोटे धक्के नकोत. दुसऱ्या आठवड्यात रॅकेट हातात घेऊन हेच सगळं. रॅकेटची मूठ बोटांनी धरायची आणि तळहाताच्या टाचेने मूठ रिमवर दाबून ढकलायचं. सुरुवातीला रॅकेटचा हात कमी जोर लावतो म्हणून खुर्ची त्या बाजूला वळते. अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतात, आधीच टेप लावा.

तिसऱ्या आठवड्यापासून लाल चेंडू आणि लहान कोर्ट. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के मंद असतो, नारिंगी ५० आणि हिरवा २५ टक्के. मोठी माणसं लाल चेंडूला लहान मुलांचा म्हणून नाक मुरडतात. तरी प्रशिक्षकाने पिवळ्या चेंडूची घाई करू नये. खुर्ची वेळेवर पोचत नाही तोवर फटक्याची सवय चुकीची लागते, आणि ती मोडायला पुढे वर्ष जातं. सहा खेळाडूंसाठी २४ लाल, २४ नारिंगी आणि ६० नेहमीचे चेंडू पुरतात.

आता मुख्य गोष्ट. उभा खेळाडू दोन्ही बाजूंना पाय सरकवतो, खुर्ची आडवी सरकत नाही. म्हणून खेळाडूची परतण्याची जागा बेसलाइनवर नसते. ती मधोमध, बेसलाइनच्या साधारण २ ते ३ मीटर मागे असते. तिथे चुन्याने वर्तुळ काढा. फटका मारला की लगेच त्या वर्तुळाकडे, आणि तिथे पोचल्यावरही थांबायचं नाही, चाक हलतंच ठेवायचं. थांबलेल्या खुर्चीला पुन्हा वेग देण्यात सगळ्यात जास्त ताकद आणि वेळ जातो. बेसलाइनच्या मागून मारल्यावर वळण नेटकडून न घेता बाहेरून, म्हणजे पाठीमागच्या कुंपणाकडून घ्यायचं. नवखा नजर चेंडूवर राहावी म्हणून नेटकडे वळतो. त्याने खुर्ची कोर्टात शिरते आणि पुढचा खोल चेंडू डोक्यावरून जातो. बाहेरून वळताना खांद्यावरून मागे बघायची सवय लागायला चार-पाच आठवडे लागतात.

दुसरी खोड म्हणजे प्रत्येक चेंडूला दोन टप्पे देणं. दुसऱ्या टप्प्यानंतर चेंडू खाली येतो, खेळाडू खूप मागे जातो आणि समोरच्याला सगळं कोर्ट मोकळं मिळतं. सहाव्या आठवड्यापासून प्रत्येक रॅलीत एक तरी चेंडू पहिल्या टप्प्यावर मारायचा, असा नियम लावा. दोन टप्पे पोचण्यासाठी वापरायचे, हल्ला एका टप्प्यावर.

फोरहँडला टॉपस्पिन. बॅकहँडला आधी स्लाइस शिकवा. पुढे बरेच खेळाडू मनगट फिरवून रॅकेटच्या त्याच बाजूने, ज्याने फोरहँड मारतात, टॉपस्पिन बॅकहँड मारतात. पकड बदलायला वेळ नसतो म्हणून हे सोयीचं पडतं. सर्व्हला खुर्ची बेसलाइनला तिरकी लावा, चेंडू फार उंच फेकू नका. कंबरेखाली ताकद नसलेल्याचा तोल वर बघताना जातो. त्याने न मारणाऱ्या हाताने, चेंडू सोडल्याबरोबर, रिम किंवा मांडी धरावी.

आणि एक छोटं कौशल्य पहिल्याच दिवशी शिकवा: पडलेला चेंडू रॅकेटने चाकाशी दाबून धरायचा आणि खुर्ची पुढे ढकलायची, चाकाबरोबर चेंडू वर येतो आणि हातात घेता येतो. आपला चेंडू आपण उचलता येणं याने माणसाचा चेहरा बदलतो. मदतनिसांनाही सांगून ठेवा, मागितल्याशिवाय चेंडू उचलून देऊ नका आणि न विचारता कुणाची खुर्ची ढकलू नका.

शरीराची काळजी

मणक्याला इजा झालेल्यांना इजेच्या खालच्या भागात घाम नीट येत नाही, त्यामुळे शरीर तापत जातं. उन्हाळ्यात पाण्याचा फवारा आणि ओले पंचे कोर्टच्या कडेला हवेतच. सीटवर चांगली उशी घ्या. दर १५ ते २० मिनिटांनी हातांवर जोर देऊन अर्धा मिनिट बूड उचलायचं, नाहीतर पुढे झुकायचं. घरी गेल्यावर आरशात त्वचा बघायची. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तो भरेपर्यंत खुर्चीतला खेळ बंद. दाबाचा व्रण चिघळला तर अख्खा हंगाम जातो.

छातीच्या मणक्यांपैकी सहाव्या किंवा त्याच्या वर इजा असेल तर एक धोका प्रत्येक प्रशिक्षकाला माहीत हवा. अचानक ठणकणारं डोकं, लाल चेहरा, इजेच्या वरच्या भागात घाम: रक्तदाब झपाट्याने चढल्याची ही लक्षणं असू शकतात. माणसाला आडवं करू नका. बसतं ठेवा, सगळे पट्टे सैल करा, कॅथेटरची नळी मुडपली आहे का किंवा लघवीची पिशवी भरली आहे का बघा. कारण सापडलं नाही किंवा त्रास लगेच उतरला नाही तर थेट रुग्णालयात.

खांदा हा या खेळाडूचा पायही आहे. तो दुखावला तर टेनिसबरोबर अंथरुणातून उठणंही अवघड होतं. प्रत्येक सरावाआधी रबर बँडने खांद्याच्या मागच्या स्नायूंचे व्यायाम, १५-१५ चे दोन फेरे. सलग दोन दिवस जोराची सर्व्ह नको.

पैसा कुठून

कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत पॅरालिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे सीएसआरचा, कंपन्यांनी समाजासाठी खर्च करायचा, पैसा या खेळाला नियमात बसतो. मागणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी आणि १२ए, ८०जी या करसवलतीचे कागद तयार असावेत. प्रस्तावात एका कार्यक्रमाचा खर्च मागू नका. चार खुर्च्या, तीन वर्षांचे सुटे भाग, प्रशिक्षकाचं मानधन आणि ने-आणीची गाडी मागा. ने-आण कागदावर किरकोळ वाटते, पण सिन्नर किंवा दिंडोरीहून येणाऱ्याचा सराव तिच्यावरच टिकतो. खुर्ची खेळाडूच्या नावे न देता संस्थेच्या मालमत्ता नोंदवहीत ठेवा आणि प्रत्येकीवर क्रमांक टाका. एखादा खेळ सोडून गेला तर ती पुढच्याला मिळते. स्पर्धेच्या पातळीला आलेल्याला मात्र स्वतःच्या मापाची खुर्ची लागतेच. आयात खुर्ची लाखांत जाते, तिच्यासाठी वेगळा प्रस्ताव करा.

राज्यातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना दिव्यांग कल्याणासाठी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो. महापालिकेकडे रॅम्प, स्वच्छतागृह, फाटक अशी कामं या निधीतून मागा. अर्जाला मोजमापांचा कागद आणि फोटो जोडा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ३० मध्ये खेळातल्या सहभागाची तरतूद आहे, तिचा दाखला पहिल्या परिच्छेदातच द्या. प्रत्येक खेळाडूचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) आधी काढून घ्या, पुढे प्रत्येक अर्जाला ते लागतं.

शहराची स्पर्धा, मग देशाची

व्हीलचेअर टेनिसचा आंतरराष्ट्रीय कारभार आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाकडे आहे. १९९८ पासून हा खेळ तिथे पूर्णपणे सामावला गेला. म्हणून आपल्याकडची वाटही टेनिस संघटनांतूनच जाते: जिल्हा संघटना, राज्य संघटना, अखिल भारतीय टेनिस संघटना. दिव्यांग क्रीडा संघटनांशी संबंध जरूर ठेवा, पण क्रमवारी आणि प्रवेशिका टेनिसच्या दारातूनच येतात. बाहेरदेशी किंवा भारतातल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं तर खेळाडूला आयपिन, म्हणजे महासंघाचा खेळाडू नोंदणी क्रमांक, काढावा लागतो. मणक्याच्या इजेवर चालू असलेली औषधं उत्तेजकांच्या यादीत येतात का, हेही त्याच वेळी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

देशात दक्षिणेने हा खेळ आधी धरला. बेंगळुरूला आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात आणि आघाडीचे खेळाडू शेखर वीरास्वामी तिथलेच. महाराष्ट्रातल्या खेळाडूला दर सामन्यासाठी बेंगळुरू गाठावं लागलं तर वर्षात त्याच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सामने येतात, आणि सामन्यांशिवाय खेळाडू पिकत नाही. उपाय जवळच्या शहरांचा: नाशिक, पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर. प्रत्येकाने वर्षातून दोन वेळा शनिवार-रविवारी आठ जणांची स्पर्धा घ्यायची. चार-चारचे दोन गट, साखळी पद्धत, म्हणजे पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही तीन सामने मिळतात. छोटे सेट, बरोबरी झाली तर १० गुणांचा टायब्रेक. दोन कोर्टांवर दीड दिवसात उरकतं. इतर जिल्ह्यांनीही अशीच चौकडी बांधली तर देशभर पाया रुंदावेल. महासंघाकडे यायला खेळाडू असतील तर वरच्या स्पर्धा आपोआप वाढतात.

स्पर्धा घेणाऱ्याने पाहुण्यांसाठी करायची कामं: नाशिकरोड स्थानकावर टेम्पो ट्रॅव्हलर आणि सोबत एक मालवाहू टेम्पो, कारण प्रत्येकाकडे रोजची आणि खेळाची अशा दोन खुर्च्या असतात. राहण्याच्या जागेच्या बाथरूमची दारं स्वतः जाऊन टेपने मोजा, फोनवर 'हो, व्हीलचेअर जाते' म्हणतात त्यावर विसंबू नका. कोर्टावर दिवसभर एक दुरुस्तीवाला. पंचांना दोन टप्पे आणि सर्व्हची एक ढकल यांचा अर्ध्या तासाचा सराव आदल्या संध्याकाळी. सिंहस्थाच्या काळात तारखा ठरवताना पर्वण्या बघूनच ठरवा, त्या दिवसांत ना गाडी मिळते ना खोली.

निकालाचा कागद प्रत्येक स्पर्धेत सारखाच ठेवा: खेळाडूचं नाव, जन्मवर्ष, प्रकार, गुणफलक, खुर्ची स्वतःची की सामायिक. रविवारी रात्रीच तो चारही शहरांना आणि राज्य संघटनेला पाठवा. पुढच्या स्पर्धेचं मानांकन त्यावरून लागतं, आणि सीएसआरच्या अहवालालाही तोच कागद जोडता येतो.